टर्बिनाफाइन: बुरशी मरते, मग आपण कसे वाचतो?

नायट्यावर अँटिबायोटिक मागणारे लोक नेहमी भेटतात. जंतू तो जंतू, औषध जरा कडक द्या, एवढाच त्यांचा हिशेब. पण बुरशी जीवाणूंच्या गोतावळ्यातली नाही. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, तंतुकणिका असतात. उत्क्रांतीच्या वंशवृक्षात तर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. पेनिसिलिन जीवाणूंची ज्या द्रव्याची भित्तिका बनू देत नाही, ते द्रव्य बुरशीत नसतंच. उलट अँटिबायोटिकमुळे अंगावरचे निरुपद्रवी जीवाणू मेले, की कँडिडासारख्या यीस्टला मोकळं रान मिळतं.

असं नातेवाइकाला मारणारं आणि आपल्याला सोडून देणारं विष सापडणं कठीण. म्हणूनच बुरशीविरोधी औषधांचे गट मोजके आहेत, आणि त्यांतले बरेचसे एकाच फरकावर उभे आहेत: पेशीपटल धड राहावं म्हणून आपण कोलेस्टेरॉल वापरतो, तर बुरशी अर्गोस्टेरॉल.

टर्बिनाफाइन हे त्यांतलं माझं आवडतं औषध. सँडोझ कंपनीच्या व्हिएन्नातल्या संशोधकांना योगायोगाने हाती लागलेल्या नाफ्टिफिन या रेणूत फेरफार करून ते तयार झालं. त्याची करामत अशी: अर्गोस्टेरॉल बनवताना बुरशी आधी स्क्वालिन नावाचा लांबलचक तेलकट रेणू तयार करते. स्क्वालिन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं. मग त्या रेणूच्या कड्या वळतात, लॅनोस्टेरॉल तयार होतं आणि आणखी काही पायऱ्यांनंतर अर्गोस्टेरॉल. टर्बिनाफाइन त्या विकरालाच अडवतं. कालव्यात मध्येच बांध घातला, की पुढची शेतं वाळतात आणि मागची बुडतात. इथेही तसंच होतं. पुढे अर्गोस्टेरॉलचा दुष्काळ पडतो आणि मागे स्क्वालिन साचत जातं. नायट्याच्या बुरशीला हा दुहेरी मार सोसत नाही, ती मरते. कँडिडा अल्बिकन्सची मात्र बहुधा नुसती वाढ थांबते.

गंमत म्हणजे हे विकर आपल्याकडेही आहे, कारण कोलेस्टेरॉलचा रस्ताही स्क्वालिनवरूनच जातो. पण आपल्या विकराला अडवायला हजारो पट जास्त औषध लागतं. नेहमीच्या मात्रेत आपण वाचतो ते या तफावतीमुळे.

अ‍ॅझोल गटातली औषधं बांध घालतात तो आणखी पुढे, लॅनोस्टेरॉलपाशी. तिथलं विकर सायटोक्रोम पी-४५० या घराण्यातलं. आपलं यकृत असंख्य औषधांचा निचरा करतं तेही याच घराण्यातल्या विकरांकरवी. त्यामुळे अ‍ॅझोलचा नेम थोडा चुकला, तरी रुग्ण घेत असलेल्या दुसऱ्या औषधांची पातळी वाढू शकते. यकृताला होणाऱ्या इजेमुळे याच गटातल्या कीटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर २०१३ मध्ये अमेरिकेत कडक बंधनं आली. टर्बिनाफाइन या घराण्यातल्या मुख्यतः २डी६ या एकाच विकराला अडवतं. पण नैराश्यावरची काही औषधं आणि मेटोप्रोलॉल त्याच वाटेने जातात, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना सांगायला हव्यात.

बोटांमधल्या चिखल्या किंवा अंगावरचा छोटा नायटा असेल, तर मलम पुरतं. नखाला आणि डोक्यातल्या नायट्याला सहसा गोळ्याच लागतात. नखाच्या बुरशीसाठी प्रौढांना रोज २५० मिलिग्रॅम देतात, हाताच्या नखांना ६ आठवडे आणि पायाच्या नखांना १२. हा रेणू चरबीत विरघळणारा असल्यामुळे त्वचा, केस आणि नखांत मुरतो आणि गोळ्या बंद झाल्यावरही बराच काळ तिथे टिकतो. पण खराब झालेलं नख सुधारत नाही, ते वाढून पुढे सरकावं लागतं. पायाच्या अंगठ्याच्या नखाला त्यासाठी वर्षभर किंवा जास्तही लागतं. तरी यशाचा आकडा जाहिरातीत शोभेल असा नाही. पायाच्या नखांच्या चाचण्यांत सुमारे ७० टक्के रुग्णांची बुरशी गेली, पण बुरशी जाऊन नखही पूर्ण नितळ झालं ते ३८ टक्क्यांचंच.

जपायचं ते यकृताला. गंभीर इजा क्वचितच होते, पण होते; म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासतात आणि यकृताचा आजार असलेल्यांना हे औषध टाळतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूकच गेली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे. काहींची चव जाते, ती परतायला महिने लागू शकतात आणि क्वचित परततच नाही.

हे वाचून ‘त्यापेक्षा नैसर्गिक उपाय बरा’ म्हणणाऱ्यांसाठी: अम्फोटेरिसिन बी हे मातीतल्या जीवाणूने बनवलेलं, शंभर टक्के नैसर्गिक बुरशीनाशक आहे. शिरेतून दिल्यावर ते मूत्रपिंडांना इतकं छळतं, की त्याला मेदाच्या वेष्टनात गुंडाळून देण्याची युक्ती काढावी लागली.

खरा उपद्रव स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा आहे. दोन दिवसांत खाज थांबते, कारण त्वचेची प्रतिकाराची धडपडच दबते. बुरशी निवांत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं, की डॉक्टरही चकतात. त्यात आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या २०२० मध्ये नाव मिळालेल्या बुरशीची भर पडली आहे. तिच्या अनेक वाणांत स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या साखळीतलं ३९३वं किंवा ३९७वं अमिनो आम्ल बदललेलं आढळतं. एवढ्याशा बदलाने टर्बिनाफाइन त्या विकराला नीट चिकटतच नाही. मग पुष्कळदा इट्राकोनॅझोलकडे वळावं लागतं, म्हणजे पुन्हा अ‍ॅझोल आणि पुन्हा तीच पी-४५०ची भानगड.