प्रवाळ मत्स्यालयातील उपकरणदोष

खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ, मासे आणि इतर सागरी जीव यांचे संगोपन ज्या काचेच्या टाकीत केले जाते, तिला प्रवाळ मत्स्यालय किंवा हौशी मंडळींच्या बोलीत रीफ टँक म्हणतात. सुमारे १०० लिटरपेक्षा कमी पाणी मावणारी टाकी नॅनो टँक म्हणून ओळखली जाते. जागा आणि खर्च यांचा विचार करून नवशिके बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतात. समुद्रातील तापमान व लवणता पाण्याच्या अफाट साठ्यामुळे स्थिर राहतात; टाकीत मात्र ते काम हीटर, पंखा, पंप, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि पाण्याची पातळी राखणारे यंत्र यांना मिळून करावे लागते. त्यांपैकी एक जरी बिघडले तरी लहान टाकीत दुरुस्तीसाठी काही तासच हाती असतात. प्रवाळ मिटून बसले किंवा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, की नवशिका माणूस रोगाचा संशय घेऊन पाण्यात औषधे ओततो, आणि बंद पडलेला पंप किंवा अडकलेला हीटर तसाच राहतो. म्हणून औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी उपकरणे ठरावीक क्रमाने तपासावीत.

या क्रमात मापनाची साधने सर्वांत आधी येतात, कारण मापच चुकले तर पुढचा प्रत्येक निष्कर्ष चुकतो. समुद्राच्या पाण्याची लवणता साधारणपणे दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅम असते आणि २५ अंश सेल्सिअसला तिचे सापेक्ष घनत्व १.०२६ च्या आसपास भरते. ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो एवढ्यावरून तो ३५ लाही बरोबर दाखवेल, असे गृहीत धरू नये. ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणावर त्याचे अंशांकन करावे. काटा फिरणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले, तर आकडा खोटा वाढतो. तापमापी दोन ठेवाव्यात, आणि त्यांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरी आणावी.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या जवळ जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. प्रवाळांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते, त्यामुळे येथील टाकीला वर्षातून दोनदा, परस्परविरुद्ध दिशांनी, तोंड द्यावे लागते. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने पृष्ठभागावर वारा मारणारा साधा पंखाही बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाही. तो बिघडला असे समजून बदलण्याआधी खोलीतील आर्द्रता विचारात घ्यावी, आणि बुडालेले पंप स्वतःही पाणी तापवतात हे विसरू नये.

पंख्यामुळे उडणारे पाणी हा नवशिक्याला न दिसणारा दोष आहे. पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. ६० लिटरच्या टाकीतून ३ लिटर पाणी उडाले तर लवणता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. ही तूट नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने भरावी. खारे पाणी घातल्यास मीठ साचत जाते. भरणा करणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा तरंगता खटका शेवाळ किंवा गोगलगायीमुळे खालीच अडकला, तर ते पाणी ओतत राहते. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे भरण्याच्या पाण्याचे भांडे मुळातच लहान ठेवणे. अशा ६० लिटरच्या टाकीत भांड्यातले ५ लिटर पाणी अनवधानाने ओतले गेले तर लवणता ३२ च्या आसपास येते आणि बहुतेक जीव ती सोसतात. २० लिटर ओतले गेले तर ती २६ पर्यंत घसरते आणि प्रवाळ वाचणे कठीण होते.

हे शुद्ध पाणी मिळवण्यात पुण्यात वेगळी अडचण आहे. महापालिकेचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांतून येते. पावसाळ्यात ते गढूळ झाले की आरओ यंत्राचा पहिला गाळक लवकर तुंबतो. उपनगरांतील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात बोअरवेल व टँकर यांवर अवलंबून असतात आणि ते जड पाणी शेवटच्या टप्प्यातील डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) झपाट्याने संपवते. निघालेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, शून्य असावा. पिण्यासाठी बसवलेल्या आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळण्याची सोय पुष्कळदा असते. त्यामुळे ते पाणी टाकीसाठी योग्य ठरत नाही. वरच्या मजल्यावर गच्चीतल्या टाकीचा दाब अपुरा पडतो, आणि बूस्टर पंपाशिवाय यंत्र थेंबथेंब गळत राहते. यात पाणी गाळणारा आरओचा पडदा खराब झालेला नसतो.

हीटरचा घातक दोष म्हणजे त्याचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटणे. मोठ्या क्षमतेचा एकच हीटर घेण्यापेक्षा, दर लिटरला एकूण एक वॅट या हिशेबाने दोन लहान हीटर वेगळ्या तापमान-नियंत्रकावर चालवावेत. एक चिकटला तरी त्याला एकट्याला पाणी उकडता येत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा थंडीची रात्र निभावून नेतो. पाणी बदलताना हीटर उघडा पडून तापला, तर नंतर पाण्याच्या स्पर्शाने त्याची काच तडकते. त्यामुळे प्लग आधी काढावा.

पंपांचा आवाज वाढणे किंवा प्रवाह मंदावणे याला बहुधा चुन्याचा थर कारण असतो. पंप उघडून, इंपेलर (आतले फिरते पाते) काढून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवावा आणि धुऊन परत बसवावा. चुंबकाच्या आवरणाला तडा जाऊन गंज दिसला, तर तो पंप टाकीत परत घालू नये.

प्रोटीन स्किमर नवा असताना पहिले आठवडाभर फेस धरत नाही किंवा उतू जातो; हे सहसा आपोआप स्थिरावते. जुना स्किमर अचानक थांबला, तर हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा साचला आहे का ते पाहावे. दिवा बदलल्यास त्याची तीव्रता काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी.

वीज आणि मीठ शेजारी नांदत असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका) या टाकीला अनिवार्य मानावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळून वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर सर्व उपकरणे काढून एकेक परत जोडावे आणि दोषी सापडले की ते बाद करावे.

वळिवाच्या वादळात वीज गेली, की वरच्या टाकीतले पाणी परतीच्या नळीतून सायफनने खालच्या संपमध्ये, म्हणजे उपकरणे ठेवलेल्या जोडटाकीत, उतरते. नळीला पाण्याच्या पातळीलगत लहान छिद्र ठेवल्यास हा सायफन तुटतो, मात्र ते छिद्र शेवाळाने बुजलेले नाही याची खात्री करून घ्यावी. काळोखात पहिले संकट ऑक्सिजनचे असते, त्यामुळे सेलवर चालणारा एअर पंप हाताशी असावा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर अनेक पंप घुरघुरतात व तापतात. शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर घेणे इष्ट. वीज परत आल्यावर प्रत्येक पंप खरोखर फिरतो आहे हे डोळ्यांनी पाहावे.

प्रवाह अनेक तास थांबल्यास अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू मरू लागतात, आणि खाऱ्या पाण्याच्या उच्च पीएचमुळे अमोनिया अधिक विषारी ठरतो. जीवाणूंची ही वसाहत सावरण्यासाठी, ते ज्यावर वाढतात तो प्रवाळाचा दगड कोकणच्या किनाऱ्यावरून आणण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळांचा समावेश आहे. अशा वेळी टाकीतले पाणी बदलून अमोनिया विरळ करायला उपयोगी पडते ते आधीच मिसळून, झाकून ठेवलेले खारे पाणी. मीठ पूर्ण विरघळायला वेळ लागतो, आणि दुरुस्तीच्या गुरुवारी शहरातल्या नळाला पाणी नसते. म्हणून टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी बुधवारीच तयार असावे.