गॅस संपला नाही, साठला

आपल्याकडे ‘गॅस संपला’ म्हटलं की दुसरं सिलिंडर लावायचं, नसेल तर शेजारी विचारायचं. ‘फायरफ्लाय’ या विज्ञानकथा मालिकेतल्या ‘आउट ऑफ गॅस’ या भागाची अडचण अशी की तिथे शेजारीच नाहीत. कोट्यवधी किलोमीटरच्या अंधारात ‘सेरेनिटी’ नावाचं एक खटारा अंतराळजहाज बंद पडलंय आणि त्यात नऊ माणसं आहेत.

अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर हा भाग २५ ऑक्टोबर २००२ रोजी दाखवला गेला. मालिका अल्पायुषी ठरली. चौदा भाग तयार झाले, त्यातले अकरा दाखवून वर्षअखेरीस वाहिनीने गाशा गुंडाळला. पण चाहते चिवट निघाले. स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने २००७ मध्ये या मालिकेच्या डीव्हीडी थेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या.

तर प्रसंग असा. वाढदिवसाचा केक समोर आलाय, आणि तेवढ्यात इंजिनच्या खोलीतून आगीचा लोळ येतो. माल नावाचा कप्तान सामान ठेवायच्या कक्षाचं दार अवकाशात उघडतो, हवेबरोबर आगही बाहेर फेकली जाते. आग विझते, पण इंजिनातला एक लहानसा पुर्जा जळालेला असतो आणि हवा शुद्ध करणारी यंत्रणाही बंद. हवा काही तासांचीच उरली, असं सगळे धरून चालतात. रिव्हर ही विलक्षण बुद्धीची, पण मन ठिकाणावर नसलेली मुलगी मात्र जहाजावरच्या पाद्र्याला वेगळंच सांगते: गुदमरून मरायची भीती नको, त्याआधी आपण गोठून मरू.

हे वाक्य ऐकलं आणि मी भाग थांबवून कागद-पेन्सिल घेतली. आधी काय मारेल? ऑक्सिजनचा तुटवडा, थंडी, की तिसरंच काही?

जहाजाचं नेमकं आकारमान माहीत नाही, म्हणून आपल्या ओळखीचं माप घेऊ. एक हजार चौरस फुटांचा फ्लॅट, छत दहा फुटांवर, दारं-खिडक्या मेणाने बंद केलेल्या. आत सुमारे २ लाख ८३ हजार लिटर हवा. शांत बसलेला, अधूनमधून उठणारा माणूस तासाला साधारण २५ लिटर ऑक्सिजन वापरतो आणि २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. नऊ माणसांचे झाले तासाला १८० लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. तो ४ टक्क्यांवर गेला की औद्योगिक सुरक्षेच्या नियमांत ती जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी समजतात. आपल्या फ्लॅटमध्ये ती सुमारे ६३ तासांत, म्हणजे अडीच दिवसांत गाठली जाईल.

आणि त्या क्षणी ऑक्सिजन किती उरलेला असेल? २१ टक्क्यांवरून उतरून १६ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं. पण सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत प्रत्येक श्वासात जवळपास एवढाच ऑक्सिजन मिळतो, आणि तिथे लाखो लोक बाजारहाट करतात, फुटबॉल खेळतात. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तर याहून कमी. म्हणजे बंद जागेत ‘गॅस संपत’ नाही, साठतो. आपणच सोडलेला.

गंमत म्हणजे आपल्या शरीराचा पहारेकरीही मुख्यतः साठणाऱ्या वायूवरच नजर ठेवतो. नाक दाबून श्वास रोखून बघा. अर्ध्या-पाऊण मिनिटात छातीत जी तगमग सुरू होते, ती ऑक्सिजन संपल्यामुळे नसते. कार्बन डायऑक्साइडने रक्ताची आम्लता वाढते आणि मेंदू ‘श्वास घे’ म्हणून ओरडायला लागतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी सहकारी प्रीस्टली यांच्यासोबत १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. (पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरमध्ये शेवटचा श्वास घेणारे जे. बी. एस. हॉल्डेन, ते यांचेच चिरंजीव.) उलट नुसता ऑक्सिजन कमी झाला आणि हा वायू साठला नाही, तर माणूस फारशी तगमग न होता, कधी कधी खुशीतच, बेशुद्ध पडतो.

एक शंका रास्त आहे. मालने दार उघडून जहाजातली बरीच हवा घालवली, मग ऑक्सिजनच आधी संपणार नाही का? हवा फारच विरळ झाली असती, तर तसं झालं असतं. पण आगीनंतर मंडळी चालताहेत, भांडताहेत, आगीत जखमी झालेल्या झोई या सहकारणीवर उपचार करताहेत. त्यावरून आतली हवा बरी उरली असावी, असं मी धरतो.

आता थंडी. अवकाश थंडगार असतं हे खरं, पण निर्वात पोकळी म्हणजे थर्मासच. उष्णता वाहून न्यायला बाहेर हवाच नाही, ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, निसटते. वीस अंश तापमानाचा उघडा, काळा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ४०० वॉट उष्णता अंधारात फेकतो. त्यावर चकचकीत पापुद्र्यांचं आवरण चढवलं की हा आकडा अगदी किरकोळ होतो. म्हणजे रिव्हर बरोबर की चूक, हे जहाजाला आवरण कसलं आहे यावर ठरणार. सेरेनिटीचा एकूण अवतार बघता उत्तर उत्साहवर्धक नाही.

हा प्रयोग एकदा खराखुरा झालाय, कुणाचीही इच्छा नसताना. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ या अमेरिकी यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघे अंतराळवीर त्याला जोडलेल्या, चंद्रावर उतरण्यासाठी दोघांपुरत्या बनवलेल्या चांद्रयानात येऊन बसले. तिथेही मूळ दोष एका चिमुकल्या भागात होता: २८ व्होल्टसाठी बनवलेल्या स्विचला जमिनीवरच्या चाचण्यांत ६५ व्होल्ट दिले गेले होते. चांद्रयानात ऑक्सिजन मुबलक होता. प्रवास संपताना त्यातला अर्ध्याहून अधिक शिल्लक राहिला. आवरण चांगलं असल्यामुळे थंडी हळूहळू चढली. तापमान तीन-चार अंशांवर उतरलं, भिंतींना दव सुटलं, झोप उडाली, पण कुणी गोठलं नाही. सगळ्यांत आधी, दीड दिवसातच, धोक्याच्या रेषेजवळ गेला तो कार्बन डायऑक्साइड.

तो शोषून घ्यायला यानात लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असतात. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं? तीच रसायनविद्या, फक्त चुन्याऐवजी वजनाला हलकं लिथियम. एका माणसाच्या दिवसभराच्या उच्छ्वासाला साधारण एक किलो लागतं, आणि वापरलेलं पुन्हा वापरता येत नाही. चांद्रयानातले डबे संपत आले, मूळ यानातले भरपूर शिल्लक होते. पण हे चौकोनी आणि बसवायची जागा गोल. मग ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या अभियंत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांतून एक जुगाड बेतला आणि तो कसा जोडायचा ते रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. जोडल्यावर थोड्याच वेळात आकडा खाली आला.

सेरेनिटीवर असला जुगाड कुणी करत नाही. माल आठ जणांना दोन छोट्या यानांतून पाठवून देतो आणि एकटा मागे राहतो. कप्तान जहाजाबरोबर बुडतो, त्यातलं हे नाट्य. पण गणितही त्याच्या बाजूने आहे. नऊ जणांची अडीच दिवसांची हवा एकट्याला तीन आठवड्यांहून जास्त पुरते. मात्र आठ जणांबरोबर आठशे वॉटची ऊबही गेली, कारण बसलेला माणूस म्हणजे शंभर वॉटची शेगडीच. एकट्या मालच्या बाबतीत, मग, रिव्हरचं भाकीत खरं ठरण्याची शक्यता बरीच. मालिकेत त्याला वेगळ्याच माणसाची गोळी लागते आणि रक्तबंबाळ अवस्थेत तो नवा पुर्जा बसवतो, ते सोडा.

त्या पुर्ज्यावरून आठवलं. मालिकेच्या पहिल्याच भागात मेकॅनिक केयली कप्तानाला बजावते, तो पुर्जा जिच्यात बसतो ती इंजिनातली कॉइल गेली तर आपण अधांतरी तरंगत राहू. कप्तान उडवून लावतो. फॉक्सने तो पहिला भाग दाखवला सगळ्यात शेवटी, २० डिसेंबर २००२ रोजी. तोवर कॉइलचा पुर्जा जळून दोन महिने होत आले होते.