एनॅमल मुरतं, ॲक्रिलिक सांधतं

कपाटाच्या बंद खणात कित्येक वर्षं पडून असलेलं १:१४४ प्रमाणातलं, प्लास्टिकच्या किटमधून जोडलेलं प्रवासी विमानाचं एक मॉडेल मी मध्यंतरी बाहेर काढलं. रंगवलं तेव्हा ते शुभ्र होतं, आता जुन्या कागदासारखं पिवळट झालं होतं. त्याच डबीतल्या एनॅमलने, त्याच आठवड्यात रंगवलेलं दुसरं विमान मात्र उघड्या फळीवर, खिडकीच्या उजेडात होतं आणि ते अजून बरंच पांढरं होतं. रंग उन्हाने विटतो हे आपण जाणतो. इथे तो अंधाराने विटला होता. एनॅमल सोडून ॲक्रिलिककडे वळताना जे जे अडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ मला या पिवळेपणात सापडलं. हे दोन रंग वाळतात ते दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी.

मॉडेलसाठी मिळणाऱ्या एनॅमलमध्ये रंगद्रव्याला धरून ठेवणारं बंधक असतं अल्किड रेझिन. अल्कोहोल आणि ॲसिड या शब्दांना जोडून केलेलं हे नाव १९२०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉय कीनले या रसायनशास्त्रज्ञाने रूढ केलं. अल्किड हे एक प्रकारचं पॉलिएस्टर, पण त्याला जवस किंवा सोयाबीनसारख्या तेलांमधल्या स्निग्ध आम्लांच्या शेपट्या जोडलेल्या असतात. हे सगळं व्हाइट स्पिरिट या पेट्रोलियमपासूनच्या द्रावकात विरघळवलं की डबीतला रंग तयार होतो.

ब्रशने हात दिल्यावर काही तासांत स्पिरिट उडून जातं. आपण म्हणतो, रंग वाळला. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. तेलाच्या शेपट्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावर चढतो आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. हे लवकर व्हावं म्हणून कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार त्यात अगदी थोडे घातलेले असतात. जवसाचं तेल वाळताना सुरुवातीला वजनाने वाढतं, ते हवेतून घेतलेल्या या ऑक्सिजनमुळेच. अर्ध्या रिकाम्या डबीत रंगावर साय धरते तीही त्यामुळेच: झाकणाखाली अडकलेली हवा तिथे आपलं काम करत असते. एनॅमलने रंगवलेल्या मॉडेलला आठवडे-आठवडे जो वास येत राहतो, तो नुसता स्पिरिटचा नसतो, या अभिक्रियेत सुटणाऱ्या ॲल्डिहाइडांचाही असतो.

थोडक्यात, एनॅमल मुरतं. लोणच्यासारखं, हळूहळू आणि आतून बदलत. आणि हे मुरणं ठरावीक दिवशी थांबत नाही. वर्षानुवर्षं अभिक्रिया मंदपणे चालूच राहते, थर अधिकाधिक ठिसूळ होतो आणि काही पिवळी संयुगं तयार होत जातात. उजेड त्यांना मोडून टाकतो. अंधारात ती साठतात. माझ्या विमानाचं तेच झालं होतं.

मुरताना उष्णताही बाहेर पडते. म्हणून एनॅमल किंवा जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून डब्यात कोंबू नयेत. आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तेलकट फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत आणि मग टाकावीत.

आता ॲक्रिलिक. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिकमध्ये बंधक विरघळलेलं नसतंच. पॉलिमरचे, म्हणजे साखळीसारख्या लांबलचक रेणूंचे, सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात, साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग एवढ्या व्यासाचे. ते उजेड विखुरतात म्हणून हे बंधक दुधासारखं पांढरं दिसतं. दुधाच्या पांढरेपणाचं कारणही हेच, फक्त तिथे गोळे स्निग्धांशाचे आणि केसीनचे असतात. रंग लावल्यावर पाणी उडू लागतं, गोळे एकमेकांजवळ येतात आणि भांड्यात ओतलेल्या चण्यांसारखे खेटून बसतात. मग मधल्या फटींतलं उरलेलं पाणी त्यांना ओढून चेपतं. गोल गोळ्यांचे पैलूदार तुकडे होतात आणि शेवटी त्यांच्या सीमा ओलांडून एका गोळ्यातल्या साखळ्या दुसऱ्यात शिरतात. पांढरा दूधपणा जातो, सलग पारदर्शक थर उरतो. ओला असताना फिकट दिसणारा ॲक्रिलिक रंग वाळल्यावर गडद होतो तो यामुळे.

इथे ऑक्सिजनचा संबंध नाही, नवे रासायनिक बंध जवळजवळ नाहीत. हे सांधकाम आहे. पण सांधायला गोळे पुरेसे मऊ हवेत. नुसत्या मिथाइल मेथॅक्रिलेटचं पॉलिमर, म्हणजे ज्याच्या काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या बनतात ते, सुमारे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत कडक राहतं. ब्युटाइल ॲक्रिलेटचं पॉलिमर उणे ५० अंशांच्याही खाली जाईपर्यंत मऊच असतं. हे दोन किंवा असेच इतर घटक एका साखळीत गुंफून हवा तो मऊपणा साधतात. शिवाय गोळे तात्पुरते मऊ करणारं एखादं द्रावक थोडं घालतात आणि ते नंतर सावकाश निघून जातं. म्हणून थंड खोलीत ॲक्रिलिकचा थर नीट सांधत नाही. आणि म्हणूनच १५–२० मिनिटांत बोटाला कोरडा लागलेला रंग अजून तयार झालेला नसतो. त्याच दिवशी त्यावर मास्किंग टेप लावून ओढली, तर रंग पापुद्र्यासारखा टेपबरोबर येतो. किमान एक दिवस थांबावं. मी दोन दिवस थांबतो.

एनॅमलवर बसलेला हात ॲक्रिलिकवर का फसतो, हे आता कळतं. ब्रशचा फटकारा म्हणजे रंगात उठलेल्या बारीक टेकड्या आणि दऱ्या. पृष्ठताण त्या सपाट करत असतो, पण त्याला वेळ लागतो. व्हाइट स्पिरिट १५० ते २०० अंशांदरम्यान उकळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला सावकाश उडतं. एनॅमलला सपाट व्हायला भरपूर वेळ मिळतो. ॲक्रिलिकमध्ये थोडंसं पाणी गेलं की गोळे दाटीवाटीने बसतात आणि रंग मिनिटा-दोन मिनिटांत वाहणं थांबवतो. टेकड्या जिथल्या तिथे गोठतात. एवढ्यात आपण सवयीने ‘इथे जरा राहिलंय’ म्हणून पुन्हा ब्रश फिरवला, तर अर्धवट जमलेली साय फाटते. मी ॲक्रिलिकने रंगवलेला पहिला पंख असाच गेला होता. जितका दुरुस्त करायला गेलो तितका तो खरबरीत होत गेला.

उपाय एकच, आणि तो आधी पटत नाही. रंग इतका पातळ करायचा की पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसत राहावं. तो हात द्यायचा आणि सोडून द्यायचा. वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. एनॅमलचे दोन हात म्हणजे ॲक्रिलिकचे चार, पण ते चारही एका संध्याकाळीत होतात. ओल्या स्पंजवर बेकिंगचा कागद पसरून त्यावर रंग घेतला तर तो लवकर दाटत नाही. ग्लायकॉल असलेलं रिटार्डर थेंबभर घातलं तरी पाणी उडण्याचा वेग मंदावतो. जास्त घातलं, तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. पाण्याचा पृष्ठताण खोलीच्या तापमानाला मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, व्हाइट स्पिरिटचा २५च्या आसपास. किट ज्या पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकची असतात, त्याची पृष्ठऊर्जा याच मापात ४० किंवा त्याहून थोडी कमी. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल तर तो पसरतो, जास्त असेल तर थेंब करून बसतो. एनॅमल म्हणून पसरतं. पाणी मात्र प्लास्टिकवर अळवावरच्या पाण्यासारखं वागतं. ॲक्रिलिकमध्ये पाण्याचा ताण कमी करणारे साबणासारखे घटक असतात, पण साच्यातून किट सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा किंवा आपल्याच बोटांचा अंश पृष्ठभागावर असेल तर तेही हरतात. एनॅमलमधलं स्पिरिट हा तेलकटपणा थोडाफार स्वतःत विरघळवून घेतं, आपल्याला त्याची खबरही लागत नाही. ॲक्रिलिक असं काही पोटात घालत नाही. भांड्यांच्या साबणाने किट धुणं आणि वर प्रायमरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचा हात देणं या गोष्टी एनॅमलच्या काळात मी टाळत असे. आता टाळत नाही.

एअरब्रशमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या उपकरणात, हेच वेगळ्या रूपात भेटतं. फवाऱ्यातला थेंब इतका लहान की हवेतच त्यातलं पाणी उडतं आणि मॉडेलवर रंगाऐवजी भुकटी जाऊन बसते. सुईच्या टोकावर रंगाचा दाणा वाळून फवारा तुटक होतो. शिवाय पाण्याचं उडणं हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतं, स्पिरिटचं नाही. कोरड्या दिवशी नीट जमून आलेलं मिश्रण दमट दिवशी ओघळतं. अशा वेळी मी अधिक पातळ रंग घेतो, मॉडेलजवळ जाऊन फवारतो आणि दर काही मिनिटांनी सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण नवे लोक नेमके तिथेच ठेचकाळतात. बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असलं म्हणून सगळे रंग एका घराण्याचे नसतात. वालेहो मॉडेल कलर हे वर सांगितलेलं, पाण्यात गोळे तरंगणारं घराणं. तामियाचे ॲक्रिलिक किंवा मिस्टर हॉबीचे ॲक्वियस हे पाण्यात मिसळतात खरे, पण त्यांच्यात अल्कोहोल आणि तत्सम द्रावकांचा मोठा वाटा असतो. तामियात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर ते छान पातळ होतात. तेच वालेहोत घातलं तर गोळ्यांना वेगवेगळं ठेवणारी व्यवस्था मोडते आणि रंग नासलेल्या दुधासारखा फाटतो. तो एअरब्रशच्या आत फाटला तर तासभर साफसफाई. उलट तामियाचा दुसरा हात ब्रशने द्यायला जावं तर त्यातलं द्रावक पहिला हात पुन्हा ओला करून उचलतं. त्यामुळे फवारण्यासाठी तामिया, ब्रशसाठी वालेहो अशी विभागणी मला सोयीची वाटते. नवं थिनर आणलं की आधी बशीत थेंबभर मिसळून पाहावं.

वास नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र धरून चालू नये. फवाऱ्यातले रंगद्रव्याचे कण पाण्यातून आले काय किंवा स्पिरिटमधून आले काय, फुप्फुसात सारखेच जातात. मास्क हवाच. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवयही सोडावी.

एवढं सगळं करून मी एनॅमलच्या डब्या फेकल्या नाहीत, आणि फेकू नयेत. पत्र्यांच्या सांध्यांत काळपट रेघ उमटवण्यासाठी जो पातळ वॉश देतात, त्याला एनॅमलसारखं दुसरं काही नाही. स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. म्हणून ॲक्रिलिकच्या थरावर, मध्ये चकचकीत व्हार्निशचा एक हात देऊन, एनॅमलचा वॉश टेकवला की तो केशाकर्षणाने खाचेतून स्वतःच धावत जातो. अर्ध्या तासाने स्पिरिटने किंचित ओलावलेल्या ब्रशने आजूबाजूचं पुसून घ्यायचं. खालचा रंग जागचा हलत नाही. खाली एनॅमलच असतं तर तेही उचललं जाण्याची भीती होती. फक्त वॉशचं डबकं होऊ देऊ नये, विशेषतः चेपून चिकटवलेल्या सांध्यांवर. ताणाखाली असलेल्या उघड्या प्लास्टिकमध्ये स्पिरिट शिरलं तर भेगा पडतात.

ते पिवळं विमान सध्या खिडकीजवळ आहे, थेट ऊन लागणार नाही अशा जागी. काही आठवड्यांत पिवळेपणा उतरू लागला आहे, पण पुरता गेलेला नाही. इतक्या वर्षांत त्यावरचं एनॅमल चांगलंच मुरलं आहे, त्यामुळे त्यावर ॲक्रिलिक देण्यात अडचण नाही. बारीक पॉलिशपेपरने घासून, साबणाने धुऊन, त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचे चार पातळ हात चढवणार आहे. आणि या खेपेला ते बंद खणात गेलं तरी चालेल.