लस घेतली, तरी टायटर का येईना?

हिपॅटायटिस बीच्या लशीचे २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस निरोगी माणसाला पुरतात. डायलिसिसवर असलेल्याला बहुधा ४० चे चार द्यावे लागतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजतात. ते निदान १० हवं. समजा, शेजारशेजारच्या खाटांवरचे दोघे आहेत. एकाचं आलं ५००, दुसऱ्याचं ४. घरचे विचारतात, पथ्य तर सगळं पाळलं, मग?

पथ्याचा इथे काही दोष नाही. मूत्रपिंडं थकली की रक्तात साचणारी घाण टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, सुस्त करते. पण ते तर दोघांचंही झालेलं असतं. उरलेल्या फरकातला काही भाग सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा. किडनी बसवण्याआधी जुळवून पाहतात, तीच ही जनुकं. विषाणूचा तुकडा उचलून टी-पेशींपुढे धरणं हे त्यांचं काम, आणि प्रत्येकाची पकड निराळी. त्यांतल्या डीआरबी१ जनुकाचे ०३ आणि ०७ हे प्रकार असलेल्यांना ही लस कमी लागू पडते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २००९ साली जपानी संशोधकांना एचएलए-डीपीचे काही प्रकार आणि जुनाट हिपॅटायटिस बी यांचं नातंही सापडलं.

गंमत अशी, की यकृताची नासधूस बी विषाणू स्वतः फारशी करत नाही. त्याला हुसकावताना आपलीच प्रतिकारशक्ती बाधित पेशी मारते, म्हणून कावीळ होते. डायलिसिसच्या रुग्णात ही लढाईच मंद. डोळे पिवळे होत नाहीत, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटीही फारसं चढत नाही, आणि विषाणू वर्षानुवर्षं मुक्कामाला राहतो. निरोगी प्रौढांत शंभरातल्या जेमतेम पाचांत तो असा ठाण मांडतो. यांच्यात कितीतरी जास्त.

हिपॅटायटिस सीच्या विषाणूची गोष्ट वेगळ्या गुणसूत्रावरची. एकोणिसाव्यावरच्या आयएल२८बी जनुकाजवळच्या डीएनएच्या एका अक्षरावरून तो आपोआप जाण्याची शक्यता बदलते, हेही २००९ मध्येच कळलं. आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो जातो, त्यामुळे माझ्या मते त्या अक्षराचं कौतुक अभ्यासकांपुरतंच उरलंय.

बीचं तसं नाही. सुकलेल्या रक्तात तो सात दिवस तग धरतो. म्हणून बाधितांना मशीन वेगळं, खोली वेगळी, आणि प्रत्येक रुग्णामागे हातमोजे नवे. टायटर ४ आलेल्याला डोसांची आणखी एक फेरी देतात. तरीही नाहीच वाढलं, तर दर महिन्याला एचबीएसएजी, म्हणजे बी विषाणू शरीरात शिरलाय का ते पाहणारी रक्ततपासणी.