सारख्या दिसणाऱ्या किनारपक्ष्यांची ओळख

चिखलाटीवर आणि उथळ पाण्याच्या काठी चरणारे चिखल्या, तुतारी, टिलवा, पाणटिवळा हे पक्षी विणीच्या हंगामात बरेचसे ठसठशीत रंगाचे असतात. हिवाळी पिसाऱ्यात मात्र त्यांपैकी बहुतेक वरून करडे-तपकिरी आणि खालून पांढुरके दिसतात. त्यातच कोवळ्या पक्ष्यांचा वेगळा पिसारा, अर्धवट झालेली पिसेगळ आणि झिजलेल्या कडा यांची भर पडते. त्यामुळे रंगाआधी बांधा, चाल आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे. एकट्या पक्ष्याच्या आकारमानाचा अंदाज फार फसवा असतो. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तरच त्यावर विसंबावे.

चरण्याची पद्धत लांबूनही कळते. चिखल्या नजरेने भक्ष्य शोधतो, म्हणून तो धावतो, थबकतो आणि टिपतो. तुतारीवर्गीय पक्षी चालता चालता चिखलात चोच खुपसत राहतात. स्टिंट म्हणजे अगदी लहान तुतारीवर्गीय पक्षी. त्यांपैकी लिटल स्टिंटचे पाय काळे, तर टेमिंक्स स्टिंटचे पिवळट. पण पायांना चिखल माखला की हा फरक दिसेनासा होतो. अशा वेळी उघड्या चिखलावर लगबगीने फिरणारा बहुधा लिटल, तर गवताच्या कडेने दबकत सरकणारा टेमिंक्स. शेपटीच्या बाहेरच्या पिसांचा शुभ्र रंग दिसला, तर टेमिंक्स नक्की.

पक्षी उडाला की काही जोड्यांचा उलगडा चटकन होतो. ग्रीन सँडपायपरच्या (सँडपायपर म्हणजे तुतारी) पंखांची खालची बाजू काळपट असते, वुड सँडपायपरची फिकट. कॉमन रेडशँक या लाल पायांच्या किनारपक्ष्याच्या पंखांची मागची कड रुंद, पांढरी असते. स्पॉटेड रेडशँकला ती नसते, शिवाय तो ‘च्यु-इट्’ असा तुटक आवाज देतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखांवर ठळक पांढरा पट्टा असतो, पट्टेदार शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखांवर तसा नसतो. ग्रे प्लोव्हरची (प्लोव्हर म्हणजे चिखल्या) काळी काख तर बऱ्याच अंतरावरूनही दिसते.

ओळखायला सँड प्लोव्हर सर्वांत कठीण. ग्रेटर सँड प्लोव्हरची चोच लांब आणि जाड, पाय लांब व बहुधा फिकट असतात. उडताना त्याची बोटे शेपटीबाहेर डोकावतात. लेसर सँड प्लोव्हरचे तर अलीकडे सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जातींत विभाजन झाले आहे, आणि हिवाळ्यात त्या दोन्ही वेगळ्या करणे अनेकदा अशक्यच असते. ‘सँड प्लोव्हर, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्णपणे ग्राह्य आहे. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर अशा जोड्यांसाठी स्वतंत्र पर्याय दिलेला आहे.