घाम नाही, सावली नाही, सुरकुती नाही: अमर लोक एवढे सुंदर का असतात?

दमयंतीच्या स्वयंवराची गोष्ट आठवतेय ना, महाभारतातली? मंडपात हुबेहूब एकसारखे पाच नळ बसलेत, त्यातले चार म्हणजे इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, आणि खरा नळ एकच. मग तिला खुणा दिसतात. देवांना घाम येत नाही, पापण्या लवत नाहीत, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाच्या अंगावर मात्र धूळ आहे, घाम आहे, हार सुकलाय आणि सावलीही पडलीय. चेहरे सेम टू सेम, फरक काय तर एकाचं शरीर झिजतंय आणि बाकीच्यांचं नाही.

मला तर वाटतं फँटसीतल्या एल्फ लोकांच्या (माणसांसारखेच दिसणारे पण अमर असलेले जीव) सौंदर्याचं सगळं गणित या एका सीनमध्ये आलंय. नीट वाचून बघा, एल्फ सुंदरीचं नाक कसं, हनुवटी कशी हे लेखक फारसं सांगतच नाहीत, सांगतात ते वय कळत नाही, डाग नाही, थकवा नाही. म्हणजे सौंदर्य म्हणजे काय आहे यापेक्षा काय नाही याचीच यादी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची एल्फ सुंदरी आर्वेन लग्नाच्या वेळी २,७०० वर्षांच्या वर असते आणि चेहऱ्यावर एक रेघ नाही!

आता खऱ्या कातडीचं काय होतं ते बघू. त्वचेला ताठ ठेवतं कोलॅजन आणि ताणून परत जागेवर आणतं इलॅस्टिन, आणि उन्हातले अतिनील किरण या दोघांचीही वाट लावतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस, खिडकीच्या बाजूचा अर्धा चेहरा जाड आणि खोल सुरकुत्यांचा आणि दुसरी बाजू बरीच तरुण. वय एकच, जीन्स तेच, फक्त एका बाजूला ऊन जास्त (काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार आरामात आत येतो). हे २८ वर्षांत, मग २,७०० वर्षांत जंगलात फिरणाऱ्या एल्फचं काय झालं असतं विचार करा.

आणि कान! एल्फ म्हटलं की टोकदार कान डोळ्यासमोर येतात. ब्रिटनमध्ये १९९५ साली २०६ जणांचे कान मोजले होते, त्यात वयाप्रमाणे कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर लांब होत जातात असं दिसलं. हाच हिशोब आर्वेनला लावला तर लग्नापर्यंत कान साठेक सेंटिमीटरने वाढले असते. असो. टोकदार कानांचं अजून एक मस्त आहे, आपल्यातल्या काही जणांच्या कानाच्या कडेवर एक छोटासा उंचवटा असतो, त्याला डार्विनचा उंचवटा म्हणतात, पण तो डार्विनच्या लक्षात आणून दिला थॉमस वूलनर नावाच्या शिल्पकाराने, आणि त्याच्या ते डोक्यात आलं ते पक या परीकथेतल्या खोडकर जीवाचा टोकदार कानांचा पुतळा करताना. १८७१ च्या पुस्तकात डार्विनने स्वतः हे लिहिलंय.

बरं, नुसता डाग नसला की चेहरा सुंदर का वाटतो? १८७८ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापले, त्याला ‘गुन्हेगाराचा टाइप’ सापडेल अशी आशा होती. झालं उलटंच, मिसळून तयार झालेला चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा बरा दिसायला लागला, कारण प्रत्येकाचं वाकडंतिकडं काय असेल ते एकमेकांत पुसलं गेलं. १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हेच केलं, १६ किंवा ३२ चेहऱ्यांची सरासरी लोकांना बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा जास्त आवडली. गर्दीतले सगळे एल्फ सारखेच देखणे आणि थोडे बोअर का वाटतात ते इथे कळतं. पण १९९४ च्या एका अभ्यासात नुसत्या आकर्षक चेहऱ्यांची सरासरी सगळ्यांच्या सरासरीपेक्षा भारी ठरली, म्हणजे दंतकथेत शोभेल असं सौंदर्य हवं तर सरासरीपासून थोडं सरकायला लागतंच.

पण खरी गंमत निसर्गात जे प्राणी एल्फसारखे जगतात त्यांच्यात आहे. नेकेड मोल रॅट घ्या, जमिनीखाली बिळात राहणारा. उंदराएवढा जीव, उंदीर जगतो तीनेक वर्षं आणि हा तिशी ओलांडतो, आणि २०१८ च्या अभ्यासात तर त्याचा मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढतच नाही असं दिसलं. दिसायला? अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी लहानपणापासून लोंबलेली, दात ओठांच्या बाहेर. आणि २०१३ मध्ये कळलं की त्याच्या शरीरात हायल्युरोनिक ॲसिडचे खूप लांब रेणू असतात, बहुधा अरुंद बिळात वळताना कातडी ताणली जावी म्हणून आलेले, आणि तेच त्याला कॅन्सरपासूनही वाचवतात. हो, चेहऱ्याच्या सिरममध्ये असतं तेच हायल्युरोनिक! म्हणजे इथे सैल कातडी आणि दीर्घायुष्य एकाच पॅकेजमध्ये आलंय. ग्रीनलँड शार्क निदान २७० वर्षं तरी जगतो, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्याला एक परजीवी लोंबकळत असतो. देवांसारखे अनिमिष (पापणी न लवणारे) नेत्र वगैरे विसरा.

पीटर मेडावर या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये म्हातारपणाचं जे स्पष्टीकरण दिलं ते थोडक्यात असं, की जंगलात बहुतेक प्राणी म्हातारे व्हायच्या आतच भूक, आजार, शिकारी यांना बळी पडतात, त्यामुळे उतारवयात बिघडणारे जीन्स गाळायची नैसर्गिक निवडीला संधीच मिळत नाही. शत्रू कमी असले, बिळात लपता आलं, तर म्हातारपण पुढे ढकलणं परवडतं. यात सुंदर दिसण्याची अट कुठेच नाही, जोडीदाराला भुलवणं हा वेगळाच हिशोब आहे आणि तो मोर केवढा खर्च करून चालवतो ते आपण बघतोच.

तरी टॉल्किनने एका ठिकाणी सूट दिलीय. कीर्दान नावाचा त्याचा खूप जुना एल्फ, समुद्रकिनाऱ्यावर जहाजं बांधणारा, म्हणजे हजारो वर्षं ऊन आणि खारा वारा खाल्लेला माणूस. त्याला लांब दाढी आहे आणि तो चक्क म्हातारा दिसतो.