नाव कोरलेला हंडा नेटवर सापडतो तेव्हा

खानदेशातल्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक ठरावीक फोटो येतो. पितळी हंडा, घंगाळ नाहीतर परात, काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव, आणि सोबत कुणाचा तरी प्रश्न: 'हे आपल्यातल्या कुणाचं?' फोटो मूळचा जुन्या वस्तू विकणाऱ्या एखाद्या पानावरचा असतो. दुकान पुण्यात किंवा सुरतेत, किंमत मोडीच्या भावाच्या कितीतरी पट. काही घरांनी पणजीचं भांडं असं परत आणलं आहे. काही घरांत त्यावरून वाद पेटला आहे, आणि तो विकणाऱ्याशी कमी, गावातल्याच जुन्या सावकाराच्या वारसांशी जास्त आहे. उघडकीला हे नेटमुळे आलं. घडलं ते मुख्यतः १९७२ ते १९७७ या काळात.

त्याआधीचं थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत इथल्या कापसाला तेजी आली आणि खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरात तांब्यापितळेची, चांदीची भर पडली. तेजी ओसरल्यावर तीच चीजवस्तू सावकाराच्या कोठीत जाऊ लागली. पुढे १८७६ ते १८७८चा दुष्काळ आला, मग छप्पन्या, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ. भांडं पेरणीला गहाण पडायचं, सुगीला सुटायचं. नाही सुटलं तर त्याची वाच्यता कुणी करत नसे, कारण ती घराची अब्रू होती.

१९७२च्या दुष्काळात भांडी घराबाहेर पडली ती दोन वाटांनी. एक वाट जुनीच, सावकाराची. दुसरी नवी होती. त्याच सुमाराला तालुक्याच्या बाजारात स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंचेने घासणं नको, उचलायला हलकं. भांडीवाला जुनं पितळ वजनावर घ्यायचा, घट कापायचा आणि बदल्यात स्टीलचा डबा, ताटं द्यायचा. कितीतरी आयाबायांनी आंदणाचे हंडे हौसेने मोडीत घातले. मोडीचा माल एरवी वितळायला जायचा, पण जाड पत्र्याची घडीव भांडी काही दुकानदारांनी माळ्यावर ठेवून दिली. पुढे हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या सजावटीसाठी गिऱ्हाईक आलं तेव्हा ती खाली उतरली. आज नातवंडं स्क्रीनवर हंडा पाहून 'आमचा लुबाडला' म्हणतात, तेव्हा तो कोणत्या वाटेने गेला हे आधी विचारायला हवं. मोडीत दिलेला हंडा विकलेलाच असतो. त्यावर हक्क सांगता येत नाही, फार तर तो विकत घेता येतो.

खरा गुंता सावकाराकडच्या भांड्यांचा आहे, आणि त्याच्या मुळाशी १९७५चा निर्णय आहे.

आणीबाणी लागल्यावर वीस कलमी कार्यक्रमात ग्रामीण कर्जमुक्तीचं कलम होतं. त्याला धरून राज्य सरकारने ऑगस्ट १९७५मध्ये वटहुकूम काढला, त्याचाच पुढे कर्जमुक्तीचा कायदा झाला. अगदी लहान शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि कमी मिळकतीचे कामगार यांची सावकारी कर्जं त्याने रद्द केली. नुसतं कर्ज गेलं असं नाही, त्यापोटी गहाण पडलेल्या जंगम वस्तूही मोकळ्या झाल्या. म्हणजे कर्ज न फेडता गहाण वस्तू परत. बँका, सहकारी सोसायट्या आणि सरकारी देणी यातून वगळली होती, त्यामुळे सोसायटीत ठेवलेली पाटली सुटली नाही आणि सावकाराकडची सुटली, असंही झालं. सावकार कोर्टात गेले. सोन्याच्या व्यवहारावर केंद्राचा १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा असताना राज्याला गहाण सोन्यात हात घालता येतो का, हाही त्यांचा एक मुद्दा होता. जानेवारी १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

कागदावर प्रश्न तिथे संपला. गावात तो सुरू झाला.

सावकारांच्या घरांकडून तीन उत्तरं ऐकू येतात, आणि तिन्ही अगदीच पोकळ नाहीत. पहिलं, आमच्या वहीत गहाण नाहीच, खरेदी आहे. हे खरं असतं, कारण जमिनीची मुदत खरेदी चालायची तशीच भांड्यांचीही चालायची: लिहायचं 'विकत घेतले' आणि तोंडी ठरवायचं की सुगीला पैसे दे, घेऊन जा. दुसरं, तुमचे आजोबा कायद्यात बसत नव्हते, त्यांची जमीन जास्त होती. तिसरं, वटहुकूम निघण्याआधीच माल विकला गेला होता. यातल्या तिसऱ्या उत्तराला १८७२च्या करार कायद्याचा अडसर आहे. गहाण वस्तू विकण्याआधी मालकाला रीतसर, पुरेशा मुदतीची सूचना द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून ती सोडवण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. ज्या माणसाला वाचता येत नव्हतं, त्याला सूचना दिल्याचा कागद आजवर कुणी दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही.

ऋणको स्वतः मागायला का गेला नाही, हा प्रश्न सावकाराकडची मंडळी हटकून विचारतात. उत्तर साधं आहे. पुढच्या पेरणीला बी-बियाण्याचे पैसे त्याच दारातून यायचे. कायद्याचा कागद दाखवून हंडा घरी आणायचा आणि मृगात पुन्हा त्याच ओट्यावर बसायचं, हे जमणारं नव्हतं. काही ठिकाणी भांडी परत मिळाली, वाजतगाजत मिळाली. अनेक ठिकाणी ती कोठीतच राहिली, पुढे त्या घरातही वाटण्या झाल्या, मुलं शहरात गेली आणि वाडा विकताना आतला 'जुना माल' एकगठ्ठा उचलला गेला. नेटवर दिसतो त्यातला बराच माल असाच निघालेला आहे.

भांडं ओळखायचं कसं, याची विद्या मात्र नवी आहे आणि ती ग्रुपवरच घडली. गुगलची फोटोवरून शोधायची सोय २०११ पासून आहे, २०१७ मध्ये लेन्स आलं. पण त्यांत हंड्याचा फोटो टाकला तर तसेच शेकडो हंडे समोर येतात. टिंबांनी ठोकलेलं, घासून झिजलेलं देवनागरी नाव वाचायला गावचा माणूसच लागतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि असा माणूस, म्हणजे सत्तरीतला एखादा काका, फोनवर आला.

एक नमुना पाहा. कोरलेलं आहे: 'गं. भा. सखूबाई कोम उखा धुडकू, पिंप्री प्र.', पुढची दोन अक्षरं गेलेली, मग 'जि. पू. खा.' यातलं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, जुन्या दप्तरातली भाषा. 'पू. खा.' म्हणजे पूर्व खानदेश. खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा फुटला, आणि १९६०पासून पूर्वेचा जळगाव, पश्चिमेचा धुळे झाला. म्हणजे हंडा बहुधा त्या मधल्या काळातला. 'गं. भा.' आहे म्हणजे तो आंदणाचा नाही, बाईने विधवा झाल्यावर स्वतः घेतलेला किंवा कुणाच्या नावे दिलेला. आता राहिलं गाव. पिंप्री खानदेशात पायलीला पन्नास, म्हणून तर मागे बुद्रुक, खुर्द किंवा 'प्र.' म्हणजे प्रगण्याचं नाव लावतात, आणि इथे नेमकं तेच झिजलंय. उखा आणि धुडकू ही नावंही घरटी सापडतात. असा फोटो पडला की चार पिंप्रींतली चार घरं एकदम दावा सांगतात, आणि पहिला आठवडा विक्रेत्याला सोडून एकमेकांशी भांडण्यात जातो.

कायद्याच्या बाजूने नेटने एक विचित्र गोष्ट केली. १९६३च्या मुदत कायद्यात हरवलेल्या किंवा चोरीच्या वस्तूसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे, पण ती मोजायची वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे मालकाला पहिल्यांदा कळलं तेव्हापासून. गहाण वस्तू सावकाराकडून तिसऱ्याने विकत घेतली असेल तर विक्री झाल्याचं कळल्यापासून. पन्नास वर्षं कुणाला काही कळलं नव्हतं. फोटो दिसला आणि घड्याळ सुरू झालं, असं म्हणायला निदान जागा आहे. शिवाय १९३०च्या माल विक्री कायद्याचं मूळ सूत्र असं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, साधारण तेवढाच घेणाऱ्याकडे जातो. प्रत्यक्षात एका हंड्यासाठी दिवाणी दावा शेवटापर्यंत कोण लढणार? तारखांचा खर्च हंड्याच्या वर जातो.

देवघरातल्या टाकांचं, म्हणजे देवाची प्रतिमा उमटवलेल्या धातूच्या पत्र्यांचं, प्रकरण वेगळं. टाक कुणी मोडीत देत नाही, गहाणही सहसा ठेवत नाही. कानबाई या खानदेशी देवीच्या रोटाला, म्हणजे उत्सवाला, सगळी भाऊबंदकी ज्या घरी जमते तिथला टाक नेटवर दिसला, तर तो चोरीचा असण्याचीच शक्यता मोठी. तिथे रस्ता पोलीस ठाण्याचा आहे. जप्त मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात अडकवू नये, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे.

या सगळ्यात सातपुड्याच्या बाजूचा कुणी दिसत नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या बायकांची चांदी, ते जाड तोडे आणि वाळे, याच सावकारीत आणि याच दुष्काळांत वजनावर गेली. आज ती 'ट्रायबल ज्वेलरी' म्हणून हजारोंनी विकली जाते. पण चांदीवर नाव कोरलेलं नसतं, आणि नावाशिवाय ग्रुपवर विचारायचं तरी काय? पाटील, चौधरी, वाणी यांचे हंडे परत येतात आणि भिल्ल, पावरा घरांचे तोडे येत नाहीत. त्याचं कारण वहीत नाव कोणाचं लिहिलं जायचं, भांड्यावर कोणाचं कोरलं जायचं, इथपर्यंत मागे जातं.

सध्या तोडगा निघतो तो फोनवर. कुटुंब आधी 'आमचंच आहे' म्हणून बघतं, मग सौद्याला बसतं, आणि बहुतेक वेळा सजावटवाल्याने दिले असते त्याहून थोडे जास्तच पैसे मोजून भांडं एस. टी. पार्सलने मागवतं. विक्रेत्यांनाही हे कळून चुकलंय. काहीजण बफिंग करून नाव घासून टाकतात, म्हणजे कटकट नको. काहीजण उलट नावाचा फोटो जवळून, पावडर चोळून, ठळक काढतात आणि नाव-गाव वाचता येणाऱ्या हंड्याला शेजारच्या बिननावाच्या हंड्यापेक्षा वरचा भाव सांगतात. घरचेच लोक घेतील, हा त्यांचा हिशेब.